न्यायालयाची हद्द आणि नगराची हद्द : बृहन्मुंबईच्या न्यायक्षेत्राची घडण

१

न्यायसंस्थेच्या इतिहासाचा अभ्यास करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा न्यायाधीश, निर्णय आणि कायदे यांच्याकडे जाते. ज्या भूभागावर न्यायालयाचा हुकूम चालतो त्याची हद्द कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने आखली, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम समजला जातो. हद्द ही नकाशावरील रेषा. ती आखण्याचे काम मोजणीदाराचे, असा समज त्यामागे असावा. परंतु एखादा वाद कोणत्या न्यायालयात, कोणत्या भाषेत, किती खर्चाने आणि कोणत्या कायद्यान्वये चालावयाचा हे पुष्कळदा या रेषेनेच ठरते. ती रेषा नगराच्या हद्दीशी जुळवून घ्यावी काय, आणि घेतल्यास त्याचे परिणाम काय होतात, याचे एक बोधप्रद उदाहरण मुंबई शहराच्या इतिहासात सापडते. १९४५ ते १९५७ या बारा वर्षांत मुंबईची न्यायक्षेत्रीय हद्द माहीमची खाडी ओलांडून साष्टीत गेली आणि अखेरीस महानगरपालिकेच्या हद्दीशी एकरूप झाली. या स्थित्यंतराची कारणे व परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

मुंबई बेटाचे न्यायदृष्ट्या वेगळेपण फार जुने आहे. १६६८ साली बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. १७२६ च्या राजसनदेने येथे मेयरचे न्यायालय स्थापण्यात आले. १७९८ मध्ये त्याच्या जागी रेकॉर्डरचे न्यायालय आले आणि १८२३ च्या सनदेन्वये १८२४ साली सुप्रीम कोर्ट सुरू झाले. ही न्यायालये राजाच्या सनदेवर आधारलेली होती व त्यांचा कारभार इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर चालत असे. याउलट बेटाबाहेरचा मुलूख कंपनीच्या अदालतींच्या अंमलाखाली होता. साष्टी १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून जिंकून घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. परंतु ती बेटाला लागून असली तरी न्यायव्यवस्थेच्या दृष्टीने मोफसलातच गणली गेली. मोफसलातील अदालतींचा कारभार पुढे १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने बांधून दिला.

या दोन न्यायव्यवस्थांमधील रेषा किती स्फोटक होती हे १८२८-२९ च्या प्रकरणात दिसून आले. पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला हजर करावे म्हणून त्याचे पालक पांडुरंग रामचंद्र यांच्या नावे सुप्रीम कोर्टाने हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला. ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या बंदिवानाबाबतही तसाच हुकूम निघाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने हे हुकूम अंमलात आणण्यास नकार दिला. बेटाच्या बाहेर, त्यातही दख्खनसारख्या नुकत्याच जिंकलेल्या मुलखात, राजाच्या न्यायालयाचा हुकूम चालू देणे म्हणजे कंपनीच्या अदालतींची प्रतिष्ठा धुळीस मिळवणे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट आणि दुसरे न्यायाधीश सर चार्ल्स चेंबर्स हे दोघेही निवर्तले. एकटे राहिलेले न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी आपल्या हुकुमांची अवज्ञा होत असल्याचे पाहून एप्रिल १८२९ मध्ये न्यायालयाचे दरवाजे बंद केले. अखेर प्रिव्ही कौन्सिलने सरकारची बाजू ग्राह्य धरली. जी व्यक्ती सुप्रीम कोर्टाच्या स्थानिक हद्दीत राहत नाही व अन्य रीतीनेही त्याच्या अधिकाराखाली येत नाही, तिच्या नावे असा हुकूम काढण्याचा अधिकार त्या न्यायालयास नाही, असा निर्वाळा मिळाला. एतद्देशीय न्यायालयाने स्थानबद्ध केलेल्या कैद्याविषयी तुरुंगाधिकाऱ्यास हुकूम करण्याचा अधिकारही नाकारण्यात आला.

या निर्णयाने बेटाची किनाररेषा ही दोन कायद्यांमधील सीमा म्हणून पक्की झाली. ठाण्याचा तुरुंग फोर्टपासून वीस-बावीस मैलांवर होता. तरी न्यायालयाच्या दृष्टीने तो पुण्याइतकाच दूर होता.

३

१८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत यांचे विलीनीकरण होऊन उच्च न्यायालय अस्तित्वात आले. न्यायसंस्थेच्या शिखरावरील द्वैत येथे संपले, परंतु तळाशी असलेले द्वैत तसेच राहिले. १८६५ च्या सुधारित सनदेच्या अकराव्या कलमाने उच्च न्यायालयाला मूळ दिवाणी अधिकार दिला. मात्र तो स्थानिक हद्दीपुरता होता आणि जोवर कायद्याने नवी हद्द जाहीर होत नाही तोवर जुनीच हद्द कायम राहावयाची होती. हे कलम पुढे फार महत्त्वाचे ठरले. हद्द बदलण्यासाठी सनद बदलण्याची गरज नव्हती. सक्षम विधिमंडळाचा एक कायदा पुरेसा होता. तथापि जवळजवळ ऐंशी वर्षे या तरतुदीचा उपयोग करून हद्द खाडीपलीकडे नेली गेली नाही.

मधल्या काळात या हद्दीवर इतर अनेक कायद्यांचा डोलारा उभा राहिला. १८८२ च्या इलाखा शहरांच्या लघुवाद न्यायालयांसंबंधीच्या कायद्याने लघुवाद न्यायालयाची हद्द उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीशी जखडून टाकली. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टने ‘इलाखा शहर’ या शब्दाची व्याख्याच अशी केली की, कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकाराची त्या त्या वेळची स्थानिक हद्द म्हणजे इलाखा शहर होय. व्याख्येतील ‘त्या त्या वेळची’ हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. हद्द हलली की तिच्याबरोबर ‘शहर’ हलावे, अशी सोय कायद्याने करून ठेवली होती.

या व्याख्येचे परिणाम सामान्य माणसाच्या व्यवहारापर्यंत पोहोचत. दिवाळे निघालेला व्यापारी माहीमला राहत असेल तर त्याला १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा लागू होई व प्रकरण उच्च न्यायालयात जाई. तोच खाडीपलीकडे वांद्र्यास राहत असेल तर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू पडे. माहीममधील घरासंबंधी मोठ्या रकमेचा दावा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चाले. तेथे वकिलाला उभे करण्यापूर्वी सॉलिसिटर नेमावा लागे व सर्व कामकाज इंग्रजीत होई. अंधेरीच्या घरासंबंधीचा दावा ठाणे जिल्ह्याच्या न्यायव्यवस्थेत, १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्याखाली चाले. तेथे दाव्याच्या किमतीच्या प्रमाणात मुद्रांक भरावा लागे, पण सॉलिसिटरची गरज नसे आणि मराठीतील कागदपत्र तसाच दाखल करता येई. या दोन व्यवस्थांपैकी कोणती अधिक न्याय्य होती हे एका वाक्यात सांगणे कठीण आहे. मूळ शाखा मोठ्या दाव्याला सोयीची होती, तर मोफसलचे न्यायालय लहान दाव्याला सोयीचे होते. परंतु एकाच आगगाडीने कचेरीत जाणाऱ्या दोन माणसांना केवळ खाडीच्या अलीकडे-पलीकडे राहिल्यामुळे दोन निरनिराळ्या न्यायव्यवस्थांशी व्यवहार करावा लागे, ही गोष्ट निःसंशय विचित्र होती.

४

ही विचित्रता असह्य होण्याइतकी वाढली ती उपनगरांच्या वाढीमुळे. १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडील लोहमार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा भाग वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. ही मुलकी फेररचना शहराच्या विकासयोजनांशी निगडित होती. साष्टीची जमीन ही यापुढे मुंबईच्या विस्ताराची जमीन आहे, हे तीत गृहीत धरलेले होते. तरीही नागरी कारभार वांद्रे, कुर्ले, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ अशा स्वतंत्र नगरपालिकांकडे राहिला आणि न्यायदान ठाण्याकडे. म्हणजे १९२० नंतर एकाच वस्तीवर तीन नकाशे पसरलेले होते : मुलकी कारभाराचा उपनगर जिल्हा, स्थानिक कारभाराच्या नगरपालिका आणि न्यायदानाचा ठाणे जिल्हा.

यांपैकी न्यायाचा नकाशा प्रथम हलला, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे. १९४५ च्या सतराव्या मुंबई कायद्याने, म्हणजे ‘बृहन्मुंबईचे कायदे व मुंबई उच्च न्यायालय (हद्दघोषणा)’ या नावाच्या अधिनियमाने, उपनगर जिल्ह्यातील भाग बृहन्मुंबईत समाविष्ट करून उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकाराची हद्द त्यांच्यापर्यंत वाढवली. सनदेच्या अकराव्या कलमात राखून ठेवलेला अधिकार येथे प्रथमच खाडी ओलांडण्यासाठी वापरला गेला. कायद्याच्या नावातच दोन हेतू एकत्र आले आहेत. न्यायालयाची हद्द जाहीर करणे हा एक. शहरास लागू असलेले निरनिराळे कायदे नव्या क्षेत्रास लागू करणे आणि मोफसलचे कायदे तेथून काढून घेणे हा दुसरा. वर पाहिल्याप्रमाणे हे दोन्ही हेतू वेगळे करता येण्याजोगे नव्हतेच, कारण ‘शहर’ म्हणजे काय याची व्याख्या न्यायालयाच्या हद्दीवरच उभी होती.

या कायद्याच्या निर्मितीची परिस्थितीही विसरता कामा नये. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून १९४६ च्या एप्रिलपर्यंत मुंबई प्रांतात १९३५ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली गव्हर्नरचा अंमल होता. त्यामुळे लाखो रहिवाशांचे न्यायालय बदलणारा हा कायदा लोकप्रतिनिधींच्या सभागृहात चर्चेला आलाच नाही. वांद्रे वा कुर्ले येथील पक्षकाराला ठाणे बरे की फोर्ट बरा, सॉलिसिटरचा खर्च त्याला परवडेल काय, या प्रश्नांची उत्तरे ज्या ठिकाणी मागता आली असती ते ठिकाणच त्या वेळी बंद होते. प्रशासनाच्या सोयीची बाजू कायद्यात नीट मांडली गेली. पक्षकाराच्या सोयीची बाजू मांडण्यास कोणी नव्हते.

महानगरपालिकेची हद्द यानंतर पाच वर्षांनी सरकली. १९४८ मध्ये ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला. १९५० च्या सातव्या मुंबई कायद्याने वांद्र्यापासून जोगेश्वरीपर्यंतचा व कुर्ल्यापासून भांडुपपर्यंतचा टापू महानगरपालिकेत आला व पालिकेचे क्षेत्र सुमारे ६८ चौरस किलोमीटरवरून २३५ चौरस किलोमीटरवर गेले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ही हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढून क्षेत्र सुमारे ४३८ चौरस किलोमीटर झाले. या दुसऱ्या विस्तारानंतर न्यायालयाची व नगराची हद्द एकाच रेषेवर आली.

५

हद्द वाढवणे सोपे होते. वाढलेल्या हद्दीतील काम पेलणे तितके सोपे नव्हते. उपनगरांतील दावे जर उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जावयाचे, तर लहानसहान दाव्यांसाठीही उच्च न्यायालयाचा महागडा मार्ग धरावा लागणार होता, कारण १८८२ च्या कायद्याने लघुवाद न्यायालयाची मर्यादा दोन हजार रुपये ठरवली होती आणि स्थावर मालमत्तेच्या हक्काचे दावे तर तेथे चालतच नसत. या पोकळीतून १९४८ चा मुंबई नगर दिवाणी न्यायालय कायदा जन्मास आला. त्या कायद्याने बृहन्मुंबईसाठी नवे न्यायालय स्थापन करून दहा हजार रुपयांपर्यंतचे दिवाणी दावे त्याच्याकडे सोपवले. असे दावे चालवण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार काढून घेतला. त्याच सुमारास बृहन्मुंबईसाठी सत्र न्यायालयही अस्तित्वात आले.

हा बदल निर्वेध झाला नाही. प्रांतिक विधिमंडळाला असे सर्वसाधारण अधिकाराचे न्यायालय निर्माण करता येते काय, विशेषतः वचनचिठ्ठ्यांसारखा केंद्राच्या सूचीतील विषय त्या न्यायालयाकडे सोपवता येतो काय, हा प्रश्न उपस्थित झाला. कायद्याच्या चौथ्या कलमान्वये सरकारला अधिसूचनेने ही मर्यादा पंचवीस हजारांपर्यंत वाढवण्याचा अधिकार होता व जानेवारी १९५० मध्ये तो वापरला गेला होता. अकरा हजारांहून अधिक रकमेच्या वचनचिठ्ठ्यांचा एक दावा उच्च न्यायालयात दाखल झाला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘मुंबई राज्य विरुद्ध नरोत्तमदास जेठाभाई’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा व चौथे कलम दोन्ही वैध ठरवले. न्यायदान व न्यायालयांची रचना हा विषय प्रांताच्या सूचीत असल्याने सर्वसाधारण अधिकार देण्याची शक्ती त्यातच अंतर्भूत आहे, आणि मर्यादा वाढवण्याची तरतूद ही विधायक सत्तेचे हस्तांतर नसून सशर्त विधिविधान आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. हद्दीच्या प्रश्नाशी या निर्णयाचा संबंध दूरचा वाटेल. परंतु हा कायदा रद्द झाला असता, तर उपनगरांना मोफसलच्या न्यायालयातून काढून ज्या न्यायव्यवस्थेत आणले तीत मधली पायरीच उरली नसती.

नव्या रचनेचा पाया किती खोल गेला हे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यावरून कळते. घरमालक व भाडेकरू यांच्यातील वाद बृहन्मुंबईत केवळ लघुवाद न्यायालयानेच ऐकावेत, असे त्या कायद्याने ठरवले. इतरत्र हे काम त्या त्या ठिकाणच्या दिवाणी न्यायालयाकडे होते. शहरातील चाळीत राहणाऱ्याचा सर्वांत निकडीचा प्रश्न अशा रीतीने १९४५ च्या हद्दीशी बांधला गेला.

६

या स्थित्यंतराचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे : कायद्याचे ऐक्य आणि न्यायालयाची निकटता. पहिली गोष्ट साध्य झाली, यात शंका नाही. एका नगरात एक नादारी कायदा, एक भाडेन्यायालय, एक दिवाणी व एक सत्र न्यायालय अशी एकसूत्रता आली. हे अपरिहार्य नव्हते, हे कलकत्त्याच्या उदाहरणावरून समजते. तेथेही १९५३ च्या कायद्याने नगर दिवाणी न्यायालयाची तरतूद झाली. परंतु महानगरपालिका जसजशी दक्षिणेकडे वाढत गेली, तसतशी मूळ अधिकाराची हद्द तिच्यामागे गेली नाही. टालीगंज वा बेहाला यांसारखे भाग महानगरपालिकेत असूनही तेथील दिवाणी वाद अलीपूरच्या जिल्हा न्यायालयाकडे राहिले. मुंबईने जो प्रश्न १९५७ पर्यंत सोडवला तो तेथे अंशतः तसाच राहिला. मात्र अलीपूरचे न्यायालय त्या वस्तीच्या जवळ आहे, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

दुसरी गोष्ट, म्हणजे निकटता, मुंबईत असमान रीतीने साध्य झाली. फौजदारी न्यायालये वस्तीबरोबर पसरली. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथे दंडाधिकाऱ्यांची न्यायालये बसू लागली. दिवाणी न्यायालय मात्र दीर्घकाळ फोर्टमध्येच एकवटून राहिले. मुलुंडच्या रहिवाशाला ठाणे हे शेजारचे स्थानक. परंतु १९५७ नंतर आपल्या जमिनीच्या दाव्यासाठी त्याला लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला जाणे भाग पडले. हद्द जुळवली की सोय आपोआप होते, हे गृहीत येथे अपुरे ठरते. पुढे लघुवाद न्यायालयाची शाखा वांद्र्यास आणि नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची शाखा दिंडोशी येथे निघाली, ती या उणिवेची उशिरा झालेली दुरुस्ती होय.

आर्थिक हद्दीचीही तीच गत झाली. रुपयाची किंमत घसरत असता नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा दीर्घकाळ पन्नास हजार रुपयांवर थांबली. परिणामी मध्यम किमतीचे दावेही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत साचले. २०१२ साली मर्यादा एक कोटी रुपये झाली व २०२४ च्या आरंभापासून दहा कोटी रुपये. उपनगरातील पक्षकारासाठी १९४८ मध्ये जी मधली पायरी बांधली होती ती मधल्या काळात झिजून गेली होती, असे यावरून म्हणावे लागते.

७

या काळात हद्दींच्या एकरूपतेला दोन धक्के बसले. १९९० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा काढण्यात आला. मुलकी नकाशावर माहीमची जुनी सीमा परत उमटली. परंतु या वेळी न्यायाचा नकाशा दुभंगला नाही. उपनगर जिल्ह्यासाठी निराळे जिल्हा न्यायालय स्थापन न होता बृहन्मुंबईचेच न्यायालय दोन्ही जिल्ह्यांसाठी राहिले. १८२९ मध्ये न्यायालयाची सीमा सर्वांत कठोर होती व मुलकी सत्ता तिच्या दोन्ही बाजूंना एकच होती. १९९० मध्ये नेमके याच्या उलट घडले. दुसरा धक्का फौजदारी प्रक्रियेतील आहे. १९७४ पासून अंमलात आलेल्या प्रक्रिया संहितेने इलाखा दंडाधिकाऱ्यांच्या जागी महानगर दंडाधिकारी आणले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत महानगर क्षेत्र ही कोटीच उरली नाही. सनदेच्या काळापासून मुंबईला फौजदारी न्यायात जे वेगळे स्थान होते त्याचा हा शेवट होय.

नगर मात्र १९५७ च्या रेषेवर थांबले नाही. दहिसर ओलांडून मीरा-भाईंदर, मुलुंड ओलांडून ठाणे आणि खाडीपलीकडे नवी मुंबई अशी वस्ती पसरली. ती रोज मुंबईत कामास येते. तिचे दिवाणी न्यायालय मात्र वेगळे आहे. माहीमच्या खाडीवर १९४५ पूर्वी जो प्रश्न उभा होता तोच आता दहिसर व मुलुंड येथे उभा आहे. या वेळी हद्द पुन्हा सरकवणे हे त्याचे उत्तर असेलच असे नाही. ठाणे जिल्ह्याचे न्यायालय तेथील पक्षकाराला जवळचे आहे, आणि सॉलिसिटरची सक्ती असलेली जुनी द्विस्तरीय पद्धत १९७७ च्या आरंभी संपल्यामुळे दोन व्यवस्थांतील अंतरही पूर्वीइतके राहिलेले नाही.

मुंबईच्या अनुभवातून एवढा निष्कर्ष निश्चितपणे काढता येतो की, न्यायक्षेत्र व नगरक्षेत्र एकरूप करण्याने कायद्याची विसंगती दूर होते, परंतु न्यायालयाची इमारत, त्याची भाषा, त्याचा खर्च व त्याची आर्थिक मर्यादा या गोष्टी त्या रेषेबरोबर आपोआप सरकत नाहीत. त्यांचा विचार स्वतंत्रपणे, आणि ज्यांचे न्यायालय बदलणार त्यांना विचारून, करावा लागतो. १९४५ मध्ये रेषा हलली त्या वेळी हा विचार झाला नाही. त्याची किंमत उपनगरांतील पक्षकारांनी दोन पिढ्या फोर्टपर्यंत प्रवास करून दिली.